टिप लागली का?

"लागली का रे?" फिटरने क्यूच्या काठीवर टेकवलेली हनुवटी न उचलताच विचारलं.

"नाही," कंपाउंडर म्हणाला.

"नक्की? काहीतरी हललंसं वाटलं मला."

"तुझी शपथ, नाही लागली. आता मारतोस, की मी खाली जाऊन चहा पिऊन येऊ?"

फिटरने मारला. गुलाबी चेंडू कडेकडेने घरंगळत गेला, पॉकेटच्या तोंडाशी क्षणभर विचारात पडला आणि मग पडला एकदाचा आत. खुर्च्यांवर बसलेल्या चारदोन मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मार्करने गुणफलकावरचा पितळी काटा सरकवला आणि म्हणाला, "झालं. फिटरसाहेब फायनलला."

फिटर सरळ उभा राहिला. कमरेत कळ आली होती, पण चेहऱ्यावर असं हसू होतं की कळीला तिथे जागाच नव्हती. त्याने कंपाउंडरच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला. "वाईट वाटून घेऊ नकोस. एका डोळ्याच्या माणसाकडून हरलास, दोन डोळ्यांच्याकडून हरला असतास तर जास्त लाज वाटली असती."

"वाटतेय तेवढी पुरे आहे," कंपाउंडर म्हणाला आणि आपल्या क्यूला चॉक लावत राहिला. डाव संपल्यावर क्यूला चॉक कशाला लावायचा, हे त्याला कोणी विचारलं नाही.

कागद कारखान्याच्या कँटीनच्या माडीवर हा हॉल. मधोमध स्नूकरचं एकच टेबल, त्यावर हिरव्या शेडचे लांबलचक दिवे, भिंतीला क्यूंचा स्टँड आणि उन्हाळ्यात हटकून बंद पडणारे दोन पंखे. फायनल सोडली तर इथे पंच नसायचा. मार्कर फक्त गुण लावायचा आणि टेबलाला ब्रश मारायचा. या खेळात मारण्याआधी क्यू पांढऱ्या चेंडूजवळ मागेपुढे हलवून नेम जुळवावा लागतो, आणि जुळवताना क्यूची टिप, म्हणजे पुढचं टोक, चेंडूला नुसती शिवली तरी फाउल. समोरच्याला निदान चार गुण. शिवली की नाही हे मारणाऱ्याच्या बोटांना सगळ्यांच्या आधी कळतं, म्हणून इथला रिवाज असा की ज्याची लागली त्याने आपण होऊन हात वर करायचा. समोरच्याने तोंड उघडायचं नाही. तोंड उघडणं म्हणजे त्याला लबाड म्हणणं.

फिटर या रिवाजाचा जणू बापच. ऐन तारुण्यात एकदा फायनलमध्ये, कप अगदी हाताशी आलेला असताना, त्याने हात वर केला होता. पंचासकट कोणीच पाहिलं नव्हतं. "लागली," म्हणाला आणि जाऊन बसला. कप गेला, पण तेव्हापासून हॉलमध्ये त्याला 'हरिश्चंद्र' म्हणायला लागले. आधी चेष्टेने म्हणायचे, मग चेष्टा मागे पडली. त्याला ते नाव कपापेक्षा प्यारं होतं, हे तो कुणाला सांगत नसे आणि सगळ्यांना ठाऊक होतं.

उजवा डोळा गेला तो अगदी गुपचूप गेला. घरातलं माणूस न सांगता निघून जावं आणि ताटं वाढताना कळावं, तसा. कामावर एका दुपारी डाव्या डोळ्यात कचरा गेला म्हणून फिटरने तो चोळायला मिटला, तर समोरचा पंप नाही, पंपामागची भिंत नाही, काही नाही. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने खात येतो. डावा अजून चांगला आहे, पण थेंब रोज घालायचे आणि दर सहा महिन्यांनी येऊन दाखवायचं.

मग एकेक गोष्ट हातची सुटत गेली. एका डोळ्याला लांब-जवळ कळत नाही. हातोडा छिन्नीवर पडायचा तो अंगठ्यावर पडला. जन्मभर पंप उघडले आणि बसवले त्या माणसाला उचलून स्टोअरमध्ये बसवलं, नट-बोल्ट द्यायला. घरी चहा ओतायला घेतला की धार कपाच्या शेजारी पडायची. बायको काही बोलायची नाही, फडकं घेऊन पुसून घ्यायची, आणि तेच त्याला जास्त लागायचं. पहिल्या वर्षी हॉलमध्येही तो सगळ्यांकडून हरला. घरी यायचा आणि न जेवता गच्चीवर जाऊन बसायचा.

पण माणूस हट्टी. क्यू हनुवटीच्या मधोमध धरायची आयुष्याची सवय मोडून त्याने तो डाव्या डोळ्याखाली आणला. मान वाकडी करून उभा राहायचा. मार्कर म्हणायचा, फोटो काढायला बसल्यासारखे दिसता. आणि हळूहळू जिंकायला लागला. पहिल्यांदा कंपाउंडरकडून एक डाव, मग दोन, मग इतरांकडूनही. आता चक्क फायनल. स्टोअरच्या खिडकीत तो अर्धा माणूस होता, स्वयंपाकघरात पाव होता, पण या टेबलाशी तो पुरता होता. तेवढ्यावर आठवडा निघायचा.

त्या दिवशी घरी येऊन त्याने दारातूनच आरोळी ठोकली, "अगं, मारली सेमीफायनल!"

बायको भाजी निवडत होती. हसली. "हो का? बरं झालं बाई." मग जरा थांबून म्हणाली, "अहो, एक म्हणू का? डोळा दाखवून येऊ या ना एकदा. वर्ष उलटून गेलं. परवा दाराच्या कडीवर आपटलात, काल मी उजवीकडे उभी होते तर—"

"उजवीकडे उभी राहशील तर दिसशील कशी? उजवा गेलाय माझा."

"डावीकडून आले तरी हल्ली दचकता तुम्ही."

"हे बघ," फिटर खुर्ची ओढून बसला, वकिलासारखा. "डावा अधू असता तर मी कंपाउंडरला हरवला असता? तो काय कच्चा खेळाडू आहे? पिंक मारला मी, कडेने, असा! आंधळ्याला जमतं हे? सांग ना, जमतं?"

बायकोने सांगितलं नाही. मान खाली घालून ती भाजीच्या काड्या मोडत राहिली. फिटरला वाटलं, मुद्दा पटला. थेंबांची बाटली फ्रिजच्या दारात होती. ते थेंब झोंबतात म्हणून त्याने कधीच सोडले होते.

फायनलला कारखान्याने बाहेरून पंच मागवला. दरवर्षी फायनलपुरता मागवायचे. या वेळी आल्या त्या एक बाई, हातात पांढरे मोजे घातलेल्या, कमी बोलणाऱ्या, नाकासमोर बघणाऱ्या. समोर लॅबमधला केमिस्ट होता. मुलगा चांगला, फिटरच्या पाया पडूनच उभा राहिला. हॉल भरला होता. कंपाउंडर पहिल्या रांगेत. फिटरने मुलीच्या लग्नात शिवलेलं जाकीट घातलं होतं आणि ते पोटावर बसत नव्हतं, तरी तो झकास दिसत होता.

पहिली पाळी त्याची आली. लाल चेंडू सोपा होता. फिटरने मान वाकवली, क्यू डाव्या डोळ्याखाली आणला, मागेपुढे केला.

"फाउल. चार," पंचबाई म्हणाल्या.

फिटरने मान वर केली. "कसला?"

"टिप लागली पांढऱ्याला."

"नाही हो." तो हसला. खरोखर मजा वाटून हसला. "बाई, तुम्ही नवीन आहात म्हणून. माझी लागली तर मीच सांगतो. विचारा हवं तर कुणालाही."

आणि तो खुर्च्यांकडे वळला, सगळे हसतील म्हणून. कोणी हसलं नाही. मार्कर गुणफलकाचा काटा पुसत होता. तो काटा सकाळीच पुसलेला होता. कंपाउंडर स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

फिटरला वाटलं, चुकून लागली असेल. इतकी वर्षं हातोडे मारून बोटांची टोकं बधिर झालीत, नाही कळलं एखादे वेळी. पुढच्या पाळीला तो जास्त जपून वाकला. मारलाही चांगला. लाल चेंडू पडला.

"फाउल. बाही लागली लालला. चार."

"कुठल्या लालला?"

पंचबाईंनी बोट दाखवलं. त्याच्या कोपराजवळ, डाव्या बाजूला, एक लाल चेंडू होता. फिटरने मान पुरती वळवली तेव्हा तो त्याला दिसला. तिथे चेंडू आहे, हेच त्याला ठाऊक नव्हतं. आणि बाजू डावी होती.

तिसऱ्या वेळी पुन्हा टिप. या वेळी फिटर वाद घालत बसला नाही. तो पांढऱ्या चेंडूकडे बघत राहिला. इतक्या पाळ्यांत त्याला एकदाही काही जाणवलं नव्हतं. मग त्याच्या डोक्यात आलं, की गेल्या रविवारी तरी कुठे जाणवलं होतं? त्याच्या आधीच्या रविवारी? काहीतरी हललंसं वाटलं म्हणून विचारायचो, तेव्हा काय उत्तर यायचं? टेबलाची कड धरून तो उभा राहिला.

पंचबाई तशा वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "पाणी हवंय का तुम्हाला?"

फिटर क्यू घेऊन खुर्च्यांकडे गेला, कंपाउंडरच्या समोर. "आजच होतंय का हे?"

"तू खेळ ना. नंतर बोलू आपण."

"आजच होतंय का?"

कंपाउंडरने मान वर केली आणि नाही म्हणून हलवली. ज्याच्याशी लहानपणापासून ओळख त्याच्या तोंडावर खोटं किती वेळा बोलणार? कधीतरी संपतंच ते.

"बाहीसुद्धा?"

"तू दुसरीकडे बघत असलास की मी चेंडू जागेवर ठेवायचो," कंपाउंडर अगदी हळू म्हणाला.

"आणि बाकीचे?"

एवढी माणसं एका खोलीत असूनही पंख्याचा करकर आवाज ऐकू येत होता. फिटरला प्रत्येक टाळी आठवली. पाठीवरच्या थापा आठवल्या. मार्करने 'फायनलला' म्हणताना केलेला आवाज आठवला. एवढ्या सगळ्या लोकांनी मिळून, आठवड्यामागून आठवडे, आपल्याला लहान मुलासारखं खेळवलं. हात वर करणारा माणूस म्हणून आपल्याला ओळखायचे, आणि त्याच माणसाच्या नावावर हे सगळे फाउल.

तो पंचबाईंकडे वळला. "बाई, हा सामना मी सोडतो. आणि सेमीफायनलपण सोडतो. ती माझी नव्हती, ह्याची होती. ह्याला खेळवा."

"असा काही नियम नाही," पंचबाई गोंधळून म्हणाल्या.

"आमच्याकडे आहे," फिटर म्हणाला आणि त्याने क्यूचे दोन भाग अलग केले.

कंपाउंडर खेळायला उभा राहिला नाही. कप केमिस्टला तसाच देऊन टाकला, आणि तो बिचारा कप काखेत मारून चोरासारखा घरी गेला. फिटर मात्र त्याआधीच जिना उतरत होता, भिंतीला हात लावून. मागून कंपाउंडर आला आणि त्याने दंडाला धरलं. फिटरने दंड सोडवून घेतला.

घरी बायको दारातच उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि ओळखलं.

"तुला माहीत होतं," फिटर म्हणाला.

ती खाली बसली, उंबऱ्यातच. "मीच म्हटलं होतं कंपाउंडरभावजींना."

"काय म्हटलं होतंस?"

"एखादा डाव सोडा म्हटलं. एकच. पहिल्या वर्षी तुम्ही गच्चीवर जाऊन बसायचात ना, कठड्याला टेकून? मी खाली जिन्यात उभी असायचे. तुम्ही खाली येईपर्यंत माझ्या जिवात जीव नसायचा. कधी ओरडू, कधी वर धावू, काही कळायचं नाही. मग भावजी आले, त्यांना म्हटलं, एक डाव जिंकू द्या हो ह्यांना. त्या दिवशी तुम्ही आलात आणि जेवायला वाढ म्हणालात."

"पुढे?"

"पुढे काय. पुढच्या रविवारी परत कोण हरवणार तुम्हाला? कोणाच्यानं होणार होतं ते?"

फिटर पलंगावर बसला. मग त्याला आणखी एक गोष्ट सुचली आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. "डोळा दाखवायला चला म्हणायचीस, तेव्हा मी काय म्हणायचो?"

ती रडायला लागली.

"काय म्हणायचो मी?"

"म्हणायचात, जिंकतोय ना."

"आणि तू गप्प बसायचीस. अगं, तेव्हा तरी बोलायचंस! तेव्हा तरी सांगायचंस की बाबा, तू जिंकत नाहीयेस!"

"कशी सांगू?" ती म्हणाली. "तुम्ही घरात हसत होता हो."

फिटरला तिचा संताप आला आणि दयाही आली. दोन्ही इतकं एकदम आलं की तो उठून फ्रिजकडे गेला आणि दारातली थेंबांची बाटली काढून हातात धरून उभा राहिला. ती बाटली संपली की कारखान्याच्या दवाखान्यातून नवी कंपाउंडरच द्यायचा. वर्षभरात फिटरने नवी मागितली नव्हती. म्हणजे थेंब बंद आहेत हे त्यालाही कळलं असणार. औषधांत जन्म गेलेल्या माणसाला कळणार नाही?

आठवड्याभरात डॉक्टरीणबाईंकडे गेले. तिघंही गेले, कंपाउंडर रिक्षात पुढे बसला. आत अंधाऱ्या खोलीत फिटरला एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रासमोर बसवलं. मधल्या ठिपक्याकडे बघायचं, आजूबाजूला कुठेही लुकलुकलं की हातातलं बटण दाबायचं. फिटरने दाबलं. मग पुन्हा एकदा दाबलं. मग नुसताच बसला. ठिपका समोर होता, बटण हातात होतं, काहीच लुकलुकत नव्हतं. यंत्रांशी त्याचा जन्माचा संबंध. थोडा वेळ वाट पाहून तो नर्सला म्हणाला, "ताई, मशीन बंद पडलंय बहुतेक. फ्यूज बघा."

"चालू आहे काका," नर्स म्हणाली. "तुम्ही समोर बघा. दिसला की दाबा."

फिटर समोर बघत राहिला. अंगठा बटणावर होता. आपल्या चहूबाजूंनी आता दिवे लागतायत आणि विझतायत, हे त्याला समजलं होतं. ते कुठे लागतायत तेवढं दिसत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी मग कागदावरचा काळा भाग पेन्सिलीने दाखवला. काळाच जास्त होता. मधोमध थोडी जागा पांढरी उरली होती, ती पेन्सिलीच्या मागच्या टोकाने झाकली असती. "या मधल्या भागामुळे तुम्हाला समोरचं बारीक अजून दिसतं," त्या म्हणाल्या. "त्यामुळेच लक्षात आलं नसणार. वर्षभर आधी आला असतात तर—" आणि त्या थांबल्या, कारण फिटरची बायको भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"हे किती दिवस राहील?" फिटरने विचारलं.

"गेलेलं परत येत नाही. राहिलेलं टिकतंय का बघू. थेंब मात्र आता एक दिवससुद्धा चुकवायचे नाहीत."

बाहेर बाकावर कंपाउंडर हात जोडल्यासारखे धरून बसला होता. फिटर त्याच्यासमोरून गेला. दिसला नाही म्हणून गेला, की दिसूनही गेला, हे कंपाउंडरला समजलं नाही.

स्टोअरच्या खिडकीतूनही मग त्याला उठवलं. प्रेमानेच उठवलं, साहेब स्वतः येऊन हात हातात घेऊन बोलले. आता तो घरी असायचा. बायको वेळेवर थेंब घालायची, तो डोळे मिटून घालून घ्यायचा. दोघं एकमेकांशी फार जपून बोलायची. ती काहीही म्हणाली, की आज बाहेर ऊन आहे, की भाजी चांगली झालीय, की तो क्षणभर थांबायचा. खरं सांगतेय का ही? त्या थांबण्याची तिला सवय झाली नाही. दर वेळी तिचा चेहरा पडायचा आणि बहुतेक वेळा तो त्याला दिसायचा नाही.

पावसाळा सरल्यावर एका रविवारी तो क्यूची पेटी घेऊन निघाला. बायको सोबत येते म्हणाली, त्याने नको म्हटलं. भिंत धरून जिना चढला. हॉलमध्ये मार्कर टेबलाला ब्रश मारत होता आणि कंपाउंडर कोपऱ्यात बसला होता. तो दर रविवारी येऊन बसायचा आणि कोणाशी न खेळता परत जायचा, असं मार्करने नंतर सांगितलं.

"मांड," फिटर म्हणाला.

कंपाउंडर उठला. "खरंच?"

"एका अटीवर. लागली की सांगायचं. टिप लागो, बाही लागो, काही लागो. रिवाजबिवाज गेला खड्ड्यात. तू सांगायचंस. एकदाही गप्प बसलास तर मी परत हा जिना चढणार नाही."

"सांगेन," कंपाउंडर म्हणाला.

आणि त्याने शब्द पाळला. फिटर वाकला की कंपाउंडर टेबलाशी येऊन डोळ्यांत तेल घालून बघायचा. "फाउल. चार." काटा सरकायचा. "फाउल. बाही." काटा सरकायचा. सुरुवातीला तो हे पुटपुटायचा, मग जरा मोठ्याने म्हणायला लागला. फिटर प्रत्येक वेळी मान हलवायचा आणि जाऊन बसायचा. कंपाउंडर चेंडू मारायचा, त्याचे गुण वाढायचे, फिटरचा काटा जिथल्या तिथे. मार्करला ते बघवेना. तो मधेच म्हणाला, "पंखा लावू का?" पंखा चालूच होता.

मग एक लाल चेंडू लांबच्या पॉकेटच्या रेषेत आला. टेबलाची पूर्ण लांबी पार करून जायचं होतं. असे फटके चांगले चांगले सोडून देतात. फिटर वाकला. त्याच्या उरलेल्या नजरेत तो चेंडू आणि त्यामागचं पॉकेट, एवढंच बसत होतं. एवढंच लागतही होतं. टिप त्याने पांढऱ्यापासून चांगली लांब ठेवली, एकदाच मागे नेली आणि मारलं.

चेंडू सरळ गेला. पॉकेटच्या जाळीत असा पडला की आवाज हॉलभर घुमला. मार्करच्या तोंडून "वा!" निघून गेलं.

फिटर तसाच वाकलेला होता. हनुवटी क्यूवर. "लागली का रे?"

"नाही," कंपाउंडर म्हणाला.

"नक्की?"

"अरे नाही रे! स्वच्छ मारलास. असा तू तरुणपणीसुद्धा मारला नव्हतास. माझ्या नातवाची शपथ घेतो. नाही लागली."

फिटर सरळ झाला आणि आवाजाच्या दिशेने वळला. कंपाउंडरचा चेहरा आता त्याला एकदम दिसत नसे, तुकड्यातुकड्यांनी बघावा लागे. त्याने आधी हनुवटी पाहिली, मग पांढरी मिशी, मग एक डोळा. डोळ्यात पाणी होतं. तसं पाणी त्या फायनलच्या दिवशीही होतं. ह्याच्या डोळ्यावरून काय कळणार? ह्याच डोळ्याने बघत, ह्याच तोंडाने, ह्याने सेमीफायनलला फिटरचीच शपथ घेतली होती. खरं बोलत असेलही. नसेलही. फिटरने मनापासून प्रयत्न केला, देवाशपथ केला. पण विश्वास काही बसेना.

त्याने हात वर केला.

"लागली," तो म्हणाला. "चार. ह्याचे."

"अरे, नव्हती लागली रे!" कंपाउंडर ओरडला. "ह्याला विचार! मार्करला विचार!"

मार्कर गुणफलकाशी उभा होता, बोट काट्यावर. त्याने कंपाउंडरकडे पाहिलं. कंपाउंडर जोरजोराने मान हलवत होता, नाही, नाही.

"लाव रे," फिटर म्हणाला.

काटा सरकल्याचा आवाज आला. फिटरने चाचपडत खुर्ची शोधली, बसला, क्यू दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उभा धरला आणि कंपाउंडर मारायची वाट पाहत राहिला. टेबलाकडून बराच वेळ काहीच आवाज आला नाही.